वास येत नाही? आधी वात बघा

नमस्कार मंडळी.

आपल्या बेळगावकडची एक गंमत बघा. आपण मराठीत मेणबत्ती म्हणतो आणि शेजारची कानडी बाई म्हणते ‘मेणद बत्ती’. कानडीत बत्ती म्हणजे वात. नावातच दोन गोष्टी आल्या, मेण आणि वात. सुगंधाचा त्यात पत्ता नाही. आणि आम्ही घरी ग्लासातल्या मेणबत्त्या करणाऱ्या बायका सगळा जीव ओततो तो सुगंधात. वात काय, दुकानदार देईल ती.

मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर खडेबाजारातून काचेचे ग्लास आणले. आतून ७ सेंटीमीटर रुंद, २०० ग्रॅम सोया मेण मावेल असे. मोगऱ्याचं सुगंधी तेल आणलं. पहिला ग्लास लावला तर वास बेताचाच. मग काय, तेल वाढवलं. १२ ग्रॅमचं २० केलं, २० चं ३०. सकाळी बघते तर तिसऱ्या ग्लासात मेणावर तेलाचे थेंब, कपाळावर घाम फुटावा तसे. तरी हौसेनं लावला. ज्योत ज्वारीच्या दाण्याएवढी. तासाभरात वातीभोवती विहीर पडली, कडेचं मेण जागचं हललं नाही, आणि वात त्या विहिरीत गेली. आमच्यात दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, “हा शांत नाही झाला गं, बुडाला.”

त्यांनी पुढे विचारलं, “वात कुठली घातलीस?” मला सांगता येईना.

समईत वात जाड झाली की तेल भराभर संपतं, काजळी धरते. बारीक झाली की दिवा मिणमिणतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्लासातही तोच हिशेब आहे. ज्योतीच्या उबेनं मेण वितळतं, वातीच्या धाग्यांतून वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. सुगंधी तेलही मेणाबरोबर त्याच वाटेनं चढतं. ते दाट असेल किंवा जास्त झालं, तर वाट बुजते. व्हॅनिलाच्या तेलांचा मला हा अनुभव फार. वर मेणही पिवळट-तपकिरी होतं, पांढरंशुभ्र राहायचं नाव नाही.

आता मुद्द्याचं. वास ज्योतीतून येत नाही. ज्योतीत गेलेलं तेल जळून जातं. वास येतो तो ज्योतीखाली साचलेल्या गरम मेणाच्या तळ्यातून. तळं पसरलं तर खोली घमघमते, आणि तळं किती पसरणार हे वात ठरवते. माझ्या त्या पहिल्या ग्लासात १२ ग्रॅम तेल पुरेसं होतं ओ! वात बारीक होती, तळं चार आण्याएवढं होतं. आणि मी आपली तेल ओतत बसले, त्यानं उरलीसुरली वातही गुदमरली.

तेलाचं माप मेणाच्या वजनावर धरायचं. सोया मेणाला साधारण ६ ते १० टक्के, म्हणजे २०० ग्रॅमला १२ ते २० ग्रॅम. तुमचं मेण जास्तीत जास्त किती तेल धरतं ते विकणाऱ्याकडून विचारून घ्या, त्याच्या वर जाऊ नका. मी ८ टक्क्यांवर थांबते, १६ ग्रॅम. चमच्यानं मोजू नका, छोटा वजनकाटा घ्या. तेलही मेणबत्तीसाठीचंच हवं. अंगाला लावायचं सेंट अजिबात नको, त्यात अल्कोहोल असतं, ते भडकतं. पाण्यात मिसळणारे सुगंधही नकोत, वात तडतडते.

वातीला मात्र असं पाठ करण्यासारखं माप नाही. एका कंपनीची १० नंबरची वात आणि दुसरीची १० नंबरची यांचं एकमेकींशी नातं नसतं. म्हणून ग्लास लावून बघणं हाच उपाय. मेण तेच, तेल तेच, ग्लास तोच, फक्त वाती लागोपाठच्या तीन नंबरांच्या. असे तीन ग्लास करायचे. आणि दुसऱ्या दिवशी लावायची घाई नको. सोया मेणात सुगंध मुरायला आठवडा-दोन आठवडे जातात. लोणच्याला थांबतो की आपण.

लावताना पंखा बंद. वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापायची. ग्लासाच्या रुंदीत दर अडीच सेंटीमीटरला एक तास असा ढोबळ अंदाज धरा. म्हणजे माझ्या ग्लासात तीन तासांच्या आसपास तळं काचेला टेकायला हवं. तासाभरातच टेकलं, ज्योत उंच होऊन नाचायला लागली, काच वरून काळी झाली, तर वात मोठी. यात वासही पहिल्यांदा भपकन येतो आणि मग सगळं लवकर संपतं. चार तासांनीही कडेला जाड मेण उभं असेल तर वात लहान.

पण इथं एक थांबा. पहिल्या दिवशी कडेला पातळसं मेण राहिलं तर मी वात बदलत नाही. ग्लास अर्धा रिकामा झाला की ज्योत खाली जाते, काच ऊब धरून ठेवते, आणि ते कडेचं मेण आपोआप उतरतं. वर सगळं चोख जळणारी वात खाली जाऊन ग्लास तापवते. म्हणून ग्लास शेवटपर्यंत जाळून बघितल्याशिवाय वात पास करायची नाही. शेवट म्हणजे तळाशी एक सेंटीमीटर मेण उरेपर्यंत. त्यापुढे जाळाल तर काच तडकते. एका वेळी चार तासांच्या वर नको.

वातीच्या टोकाला अळंबीसारखं काळं बोंड धरलं, तर समजा मेण वर चढतंय जास्त आणि जळतंय कमी. आधी वात कापून बघा, मग एक नंबर खाली या, तरीही धरलं तर तेल कमी करा. पूर्वी साध्या वळलेल्या वाती होत्या तेव्हा कात्री हातातच ठेवावी लागायची. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये वेणीसारखी गुंफलेली वात आली. ती जळताना टोकाला वाकते आणि टोक ज्योतीच्या कडेला जळून जातं. देवाची हातानं वळलेली वात ग्लासात घालू नका, ती समईतच शोभते.

आणि मोगऱ्याला बसलेली वात चंदनाला बसेलच असं नाही. तेल बदललं की तीन ग्लास पुन्हा. आमच्या संघातल्या बायका यावर कुरकुरतात, मेण वाया जातं म्हणतात. वाया कुठं जातं, लाईट गेल्यावर तेच ग्लास लावतो.

मेण पातेल्यातल्या पाण्यात भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकून गॅस बंद करायचा. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे काच गार पडते, ओतण्याआधी ग्लास जरा कोमट करून घ्या.

माझ्या फळीवर आत्ता केवड्याचे तीन ग्लास आहेत, अकरा दिवस झालेत. कुठल्या ग्लासात कुठली वात ते वहीत लिहिलंय, आणि वही शेजारीण घेऊन गेलीय. तिच्याकडून ती आणते आधी. नमस्कार.