रुमालाची गाठ आणि मोडीचे 24 धडे

नमस्कार मंडळी. ऑनलाइन कोर्ससाठी थीम धरून डिजिटल चित्रं कशी काढायची यावर बोला म्हणालात, पण मी आज सगळं मोडी लिपीच्या, म्हणजे पूर्वी मराठी भरभर लिहायला वापरायचे त्या लिपीच्या, एकाच कोर्सवरून सांगणार आहे, कारण त्या 24 धड्यांची चित्रं मी काढलीत आणि थीम म्हणजे नेमकं काय हे मला तिथेच कळलं.

काम आलं तेव्हा माझ्या डोक्यात सगळं तयारच होतं, जुना काळ म्हटलं की काठाला पैठणीचा मोर, कोपऱ्यात पगडी, मागे जळक्या कडांचा कागद आणि हातात पिसाची लेखणी. अशी सहा चित्रं काढून शिकवणाऱ्या मॅडमना पाठवली. त्यांचा फोन आला, "दिसायला छान आहेत हो दादा, पण मोडी पिसानं नाही लिहीत, बोरूनं, म्हणजे काडीच्या लेखणीनं लिहितात. आणि तुमचा मोर काय शिकवतो?"

मोर काय शिकवतो, हा प्रश्न मी आजही प्रत्येक चित्राला विचारतो. रिचर्ड मेयर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, चित्रं आणि शब्द एकत्र असले की माणूस कसा शिकतो यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचंही म्हणणं तेच, विषयाशी संबंध नसलेली आकर्षक गोष्ट धड्यात घातली की शिकणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं आणि शिकणं कमी होतं. सजावट फुकट नसते हो, मुलाचं लक्ष खर्ची पडतं त्यावर.

मग ती सहाच्या सहा चित्रं बाजूला ठेवली आणि आधी मोडी कशी लिहितात ते नीट बघायला बसलो. बोरूचं टोक चाकूनं तिरकं छाटतात, मधोमध बारीक चीर देतात, त्या चिरेतून शाई उतरते. हे बघितल्यावर माझा ब्रशच बदलला. टॅब्लेटवर आपण सवयीनं पेन दाबला की रेघ जाड होणारा ब्रश घेतो, पण बोरूची रेघ जाड की बारीक हे ती कुठल्या दिशेला चाललीय त्यावरही ठरतं, म्हणून चपट्या टोकाचा, ठरलेल्या कोनातला ब्रश बनवला आणि 24 धडे तोच वापरला.

थीम सापडली ती दफ्तरात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, पेशवे दफ्तर आहे, मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. (आपण शाळेत नेतो ते दप्तरसुद्धा याच शब्दातलं बरं का.) मग ठरवलं, पहिल्या धड्यात रुमालाची गाठ घट्ट आणि प्रत्येक धड्याला ती थोडी सुटत जाणार. प्रोग्रेस बार वेगळा लागलाच नाही, आपण कुठवर आलो ते गाठच सांगते. मला वाटतं थीम अशी विषयाच्या पोटातून यायला हवी, वरून चिकटवली की दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच उसनी वाटायला लागते.

आता एक चूक सांगतो, ती महत्त्वाची आहे. मोडीत आधी अख्ख्या ओळीची शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जातात, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. त्यामुळे काना बाळबोधसारखा, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीसारखा, वरून खाली येत नाही, खालून वळून वर शिरोरेषेकडे जातो, म्हणजे हात पुढच्या अक्षराला तयार. मी मात्र बाळबोधच्या सवयीनं बाण वरून खाली दाखवला. आकार बरोबर दिसत होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मुलं प्रत्येक कान्याला पेन उचलायला लागली, वेगच येईना, आणि मोडीचा सगळा जीव वेगात आहे. एका उलट्या बाणानं केलं हे. सगळे बाण परत काढले, जिथून सुरुवात करायची तिथे लाल ठिपका दिला, आणि 24 धड्यांत लाल रंग दुसरीकडे कुठेच वापरला नाही. लाल दिसला की हात इथे ठेवायचा, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

रंग एकूण चारच, हातकागदाचा पिवळट, शाईचा काळा, कापडाचा फिका निळा आणि हा लाल. चित्रं 1920 बाय 1080 मध्ये केली पण तपासली कायम फोनवर, कारण बघणारे बसमध्ये नाहीतर स्वयंपाक करता करता बघतात. पिवळट कागदावर तपकिरी अक्षरं मला फार आवडली होती पण उन्हात काही दिसेना, मग अक्षर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट निदान 4.5 ला 1 हवा हा वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचा नियम धरला आणि तपकिरी सोडला, वाईट वाटलं पण सोडला.

फॉन्टचं थोडक्यात सांगतो. मोडी 2014 साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत आली, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो, छापील तक्त्याला तो उत्तम, पण हाताचं वळण शिकवायचं तर अक्षर हातानंच काढावं लागतं. आणि एआयकडून मोडी पत्राचं चित्र मागवून बघा, मी बघितलंय, लांबून मोडीसारखं दिसतं, जवळ गेलात तर एक अक्षर वाचता येत नाही. लिपी शिकवणाऱ्या कोर्समध्ये असलं चित्र म्हणजे मुलांची शुद्ध फसवणूक आहे.

शेवटच्या धड्याला मी काही काढलंच नाही. गाठ पूर्ण सुटलेली, कापड चारी बाजूंनी पसरलेलं, आणि मधे एका खऱ्या पेशवेकालीन पत्राचा स्कॅन, डागांसकट, बाण नाही की लाल ठिपका नाही. खाली एवढंच लिहिलंय, वाचा.