बोटांचे ठसे सोडून देणारी काच

[दृश्य: ओट्यावर ठेवलेले अळूचे ताजे पान. वरून पाण्याचा एक थेंब पडतो.]

अळवावरच्या पाण्याचा दाखला मराठी माणसाला नवा नाही. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्या फटींमध्ये हवा अडकून राहते आणि पाण्याचा थेंब त्या हवेच्या गादीवर मोत्यासारखा लोळत खाली घरंगळतो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानासंबंधी हेच स्पष्टीकरण विस्ताराने मांडले. आता त्याच अळूच्या पानावर पळीतून गोडेतेलाचा एक थेंब सोडू. तो गोल होत नाही, घरंगळतही नाही. पाहता पाहता पसरतो आणि पानावर ओलसर डाग ठेवून जातो.

मोबाइलच्या काचेवर ठसे उमटू नयेत म्हणून झटणाऱ्या रसायनतज्ज्ञांची सारी अडचण या दुसऱ्या थेंबात आहे.

[दृश्य: दोन थेंबांचे बाजूने घेतलेले चित्रण, थेंबाच्या कडेशी कोनाची रेषा उमटते.]

द्रवाचे रेणू एकमेकांना किती जोराने धरून ठेवतात, याचे माप म्हणजे पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, खाद्यतेलाचा ३२ च्या आसपास, तर प्रयोगशाळांमध्ये तेलाचा नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेक्साडेकेनचा जेमतेम २७. पाण्याचे रेणू आपसांत घट्ट बांधलेले असल्यामुळे ते पृष्ठभागाकडे पाठ फिरवून गोळा होतात. तेलाच्या रेणूंमध्ये तेवढी ओढ नसते, त्यामुळे पृष्ठभागाने थोडीशी जरी जवळीक दाखवली तरी ते त्यावर आडवे होतात. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. त्यामागचा समतोल इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी १८०५ मध्येच सांगून ठेवला आहे. कोन ९० अंशांहून मोठा असेल, तर तो पृष्ठभाग त्या द्रवाला नाकारतो असे मानण्याचा शास्त्रीय संकेत आहे.

हा ९० अंशांचा उंबरठा ओलांडायचा, तर ढोबळ हिशेबाने घन पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणाच्या चौथाईहून कमी असावी लागते. पाण्यासाठी ही मर्यादा १८ वर येते आणि टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा साधारण तेवढीच असल्यामुळे पाणी तिथे सहज हार मानते. हेक्साडेकेनसाठी मात्र सातच्याही किंचित खाली जावे लागते. एका कार्बनला तीन फ्लोरिन जोडलेले गट दाटीवाटीने, अगदी शिस्तीत उभे केले, तर सुमारे ६.७ पर्यंत पोहोचता येते. सपाट पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राची सीमा तिथेच संपते. कारखान्यात तयार होणारा कोणताही लेप इतका शिस्तबद्ध नसतो. त्यामुळे खोक्यावर ‘ओलिओफोबिक’, म्हणजे तेलद्वेषी, असे मिरवणाऱ्या काचेवर हेक्साडेकेनचा स्पर्शकोन मोजला, तर तो ६५ ते ७५ अंशांच्या घरात भरतो. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येनुसार ती काच तेलद्वेषी नाहीच. तेलाशी तिचे फारसे सख्य नाही, इतकेच फार तर म्हणता येईल.

मग रसायनाला आकाराची जोड देऊन पाहावी, हा विचार स्वाभाविक होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अनिश तुतेजा, गॅरेथ मॅकिन्ली, रॉबर्ट कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, उंचवटे नुसते असून भागत नाही, त्यांच्या कडा खाली आत वळलेल्या असाव्या लागतात. भूछत्राच्या टोपीची कड डोळ्यांसमोर आणा. टोपीवर बसलेले तेल कडेवरून खाली उतरू पाहते, पण आत वळलेल्या भागाशी पोहोचल्यावर पृष्ठताणच त्याला वर ओढून धरतो आणि खालची हवा सुरक्षित राहते. २०१४ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिऊ आणि किम यांनी सिलिकाच्या, म्हणजे वाळू आणि काचेच्या मुख्य घटकाच्या, सूक्ष्म खांबांच्या टोप्यांना आणखी एक खाली झुकणारी ओठासारखी कड दिली आणि कोणताही फ्लोरिनयुक्त लेप न देता, एरवी सर्व घन पदार्थांवर पसरणारे द्रवही त्यावर थेंबांच्या रूपात उभे केले.

[दृश्य: मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेली काच, तिच्यावर काजळी धरते.]

या वाटेवरचा सर्वांत देखणा प्रयोग माइन्झ येथील मॅक्स प्लांक पॉलिमर संशोधन संस्थेतला, २०१२ सालचा. तेथील संशोधकांनी काच मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली. काजळीचे कण माळांसारखे एकमेकांना चिकटून एक विरळ जाळी तयार करतात. त्या जाळीवर त्यांनी सिलिकाचे पातळ कवच चढवले आणि ६०० अंश सेल्सिअसला आतला कार्बन जाळून टाकला. काळी काच पारदर्शक झाली, काजळीचा सांगाडा मात्र सिलिकाच्या रूपात तसाच राहिला. त्यावर फ्लोरिनयुक्त सिलेनचा, म्हणजे काचेशी जोडल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या एका संयुगाचा, थर दिल्यावर पाणी आणि तेल दोन्ही घरंगळू लागले. आपल्याकडे काजळ धरण्यासाठी दिव्यावर वाटी पालथी घालणाऱ्या आजीला यातली पहिली पायरी समजावून सांगावी लागली नसती.

तरीही यांपैकी एकही काच तुमच्या खिशातल्या फोनवर नाही, कारण बोट म्हणजे थेंब नव्हे. थेंब वरून अलगद पडतो, तर बोट दाबते, घासते आणि तेल थेट फटींमध्ये कोंबते. एकदा हवा निघून गेली की तोच खडबडीतपणा तेलाला घट्ट धरून ठेवतो आणि काच साध्या काचेहून अधिक मळकट दिसू लागते. शिवाय दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने उंचवटे त्याहून पुष्कळ लहान ठेवावे लागतात, नाहीतर काच धुरकट होते. आणि इतके नाजूक सांगाडे किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी एक दिवसही टिकणार नाहीत.

[दृश्य: काचेवरचा ठसा, सूक्ष्मदर्शकातून.]

ठसा म्हणजे तरी काय, हे इथे जरा थांबून पाहिले पाहिजे. बोटांच्या टोकांवर घामाच्या ग्रंथी दाटीने असतात, पण तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात. काचेवर उमटणारे तेल आपण कपाळ, नाक आणि केसांवरून दिवसभर नकळत गोळा करत असतो. त्यात मेदाम्ले, ट्रायग्लिसराइड, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालीन असते. या मिश्रणाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, काचेच्या बराच जवळ असल्यामुळे ते एकसारख्या पातळ थरात पसरले, तर डोळ्याला जवळपास दिसतच नाही. ते दिसते, कारण त्याचे अगणित लहान थेंब होतात आणि प्रत्येक थेंब एखाद्या चिमुकल्या भिंगासारखा प्रकाश वेडावाकडा विखुरतो. म्हणजे तेलाला नाकारून त्याचे थेंब करणारी काच, पुसली नाही तर, ठसा अधिक ठळक दाखवू शकते. म्हणूनच काही संशोधकांनी उलट वाट धरून तेलाला पसरू देणारे, ठसा विरघळल्यासारखा भासवणारे लेपही तयार केले आहेत. चष्म्याच्या परावर्तनरोधी काचांवर मात्र ही युक्ती चालत नाही. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत पाठवते. ते प्रमाण घटवण्यासाठी दिलेल्या थरांचे गणित इतके नेमके असते की, वर तेलाचा पातळ पापुद्रा आला तरी तेवढा भाग वेगळ्या रंगात चमकू लागतो.

फोनच्या काचेसाठी उद्योगाने स्वीकारलेला मार्ग यामुळे अधिक व्यवहारी आहे. आयफोनच्या पडद्यावर असा लेप २००९ च्या थ्रीजीएस मॉडेलपासून आला. निर्वात कक्षात काचेवर आधी सिलिकाचा पातळ थर दिला जातो आणि त्यावर परफ्लुरोपॉलिइथर नावाच्या लांब साखळ्यांची वाफ बसवली जाते. साखळीच्या एका टोकाला असलेला सिलेनचा गट काचेशी रासायनिक बंध जोडतो. उरलेली साखळी मोकळी राहते. संपूर्ण लेपाची जाडी काही नॅनोमीटर ते फार तर काही दशक नॅनोमीटर भरते. या साखळीत ठरावीक अंतराने ऑक्सिजन असतो, त्यामुळे ती ताठ न राहता सहज वळते, डुलते आणि घन काचेवर बांधलेली असूनही जणू द्रवासारखी वागते. अशा पृष्ठभागावर तेलाच्या थेंबाच्या कडेला रुतून बसायला जागा मिळत नाही. थेंब थोडासा पसरतो हे खरे, पण कापडाचा एक हात फिरताच निघून जातो. आणि माझ्या मते या काचेचे खरे कर्तृत्व नाकारण्यात नसून या सोडून देण्यात आहे.

[दृश्य: चाचणीयंत्र काचेवर स्टील वूल पुढेमागे फिरवते आहे.]

लेपाची परीक्षा अगदी खरखरीत असते. अतिबारीक स्टील वूल ठरावीक वजनाखाली काचेवर हजारो वेळा फिरवले जाते आणि शेवटी पाण्याचा स्पर्शकोन १०० अंशांच्या वर उरला आहे का, हे पाहिले जाते. तेलासाठी बनवलेल्या लेपाचा निकाल पाण्याने लावायचा, यात गंमत आहे खरी. पण लेप झिजल्याची चुगली पाणी सर्वांत आधी करते. जुन्या फोनवर घरीही हे पाहता येते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब गोल बसतो आणि अंगठा सतत फिरतो त्या खालच्या भागात तोच थेंब चपटा होतो.

मात्र या साखळ्यांतला फ्लोरिन आता वादाच्या भोवऱ्यात आहे. कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात सहजी तुटत नाही, म्हणून या मोठ्या रसायनकुळाला ‘चिरकाल टिकणारी रसायने’ म्हटले जाते. जानेवारी २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी संपूर्ण कुळावर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेकडे दिला. हा प्रश्न आपल्या दारातही पोहोचला आहे. इटलीत त्रिस्सिनो येथील, भूजल दूषित केल्याबद्दल गाजलेला आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेलेला कारखाना मोडला, तेव्हा त्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली. तो कारखाना फोनच्या काचेचे लेप बनवत होता असे आमचे म्हणणे नाही. पण रसायनांचे कूळ तेच आहे.

फ्लोरिनशिवाय काच तेल सोडून देईल का? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेत लिमिंग वांग आणि थॉमस मॅकार्थी यांनी २०१६ मध्ये काच एका साध्या द्रावणात काही सेकंद बुडवून वाळवली. त्या द्रावणात सिलिकॉनचे एक संयुग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थोडे गंधकाम्ल होते. वाळताना काचेवर सिलिकॉनच्या लवचीक साखळ्या उगवल्या. हेक्साडेकेन तिच्यावर फ्लोरिनयुक्त लेपापेक्षा अधिक पसरते, म्हणजे स्पर्शकोनाच्या परीक्षेत ती नापासच ठरते.

[दृश्य: तीच काच. संशोधक तिची एक कड किंचित वर उचलतो. हेक्साडेकेनचा चपटा थेंब, मागे कोणतीही रेघ न ठेवता, खाली सरकत जातो.]