शिदान, म्हणजे कुठली डिव्हिजन?

नमस्कार मंडळी. आजचा शब्द जपानी आहे, शिदान. परत सांगतो, शि-दा-न. अर्थ जाहीर निषेध, तोही साधासुधा नाही, अमक्यानं केलं ते लाजिरवाणं आहे असं चारचौघांत ठणकावून सांगणं.

चाकणच्या एका कंपनीत मी नुकताच दुभाष्या म्हणून चिकटलो होतो. सप्लायरचा माल तिसऱ्यांदा रिजेक्ट झालेला, त्यांचे साठीचे जपानी साहेब समोर बसलेले आणि आमचे सुपरवायझर लालबुंद, मला म्हणाले, "सांग रे त्यांना, आम्ही जाहीर निषेध करतो!" मी आदल्याच रात्री डिक्शनरीतून शिदान पाठ केलेला, म्हटलं चला, दिला ठोकून. साहेब चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "कुठली डिव्हिजन?"

कारण शिदान म्हणजे लष्कराची डिव्हिजनसुद्धा! उच्चार सेम, कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं, वेगळी. मी घाम पुसत वहीवर दोन अक्षरं काढली, पहिलं बोट, दुसरं टिचकी मारणं. ते बघून साहेब खो खो हसले, टिचकीनं माझा खोडरबर कॅरमच्या सोंगटीसारखा टेबलापलीकडे उडवला आणि म्हणाले, हा शब्द अग्रलेखात शोभतो, इथे नुसतं "कोमारिमास" म्हण. म्हणजे, आमची पंचाईत होते हो. मी म्हटलं, कोमारिमास. तसे ते ताडकन उठले आणि कमरेत वाकून माफी मागितली, सुपरवायझर बघतच राहिले.

नाहीतर आपण, सोसायटीच्या ग्रुपवर टाकी भरली नाही की निषेध, लिफ्ट अडकली की तीव्र निषेध! असो.

तर बोट आणि टिचकी. बौद्ध परंपरेत नकोसं, अपवित्र काही झटकायला बोटं वाजवतात, झेन मठात शौचालयातसुद्धा तीनदा वाजवायची रीत आहे. तीच अक्षरं उलटी केली की दान्शि, म्हणजे चुटकी, आणि एका चुटकीत 65 सेत्सुना मावतात म्हणे. सेत्सुना म्हणजे आपला क्षणच, संस्कृतातून चीनमार्गे तिकडे गेलेला. नखानं टिचकी मारणं याला त्सुमाहाजिकी म्हणतात, त्याचा आजचा अर्थ वाळीत टाकणं.

आणखी एक जड शब्द, क्यूदान. जातीसारखाच भेदभाव सोसलेल्या बुराकू लोकांनी 1922 साली क्योतोत सुइहेइशा ही संघटना काढली आणि अपमान करणाऱ्याला समोर बसवून जाब विचारायला लागले, ते क्यूदान. तिथे कोमारिमास म्हणून भागलं नसतं.