काटाजोड लावली, निकाल कुठाय?

(दृश्य: धुकं धरलेला तलाव. नुसता पाण्याचा आवाज.)

पाण्यातून 'फ्रायडे द थर्टीन्थ' या भयपटांतला खुनी जेसन वर येतो. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या भयपटांतल्या फ्रेडी क्रूगरचं मुंडकं. म्हणजे जेसननं कुस्ती मारली, असं आपण म्हणतो न म्हणतो तोच ते मुंडकं आपल्याकडं बघून डोळा मिचकावतं. संपला सिनेमा. 'फ्रेडी व्हर्सेस जेसन', दिग्दर्शक रॉनी यू, अमेरिकेत प्रदर्शित १५ ऑगस्ट २००३.

(दृश्य: कोल्हापूरचं खासबाग मैदान. दुपारची वेळ, पायऱ्या रिकाम्या.)

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ पासून कुस्त्या बघतंय. इथल्या पब्लिकला सगळं चालतं, बरोबरीत सोडवलेली कुस्ती तेवढी चालत नाही. दोन नावाजलेले पैलवान नुसती खडाखडी करत राहिले, की वरच्या पायरीवरून आरोळी येते, 'निकाली करा!' फ्रेडी आणि जेसनची जोड इथं लागली असती आणि शेवटी असा डोळा मिचकावला असता, तर पंचांना मैदानाबाहेर पडणं अवघड झालं असतं.

या जोडीची चर्चा १९८० च्या दशकातच सुरू झाली होती. फ्रेडी एका कंपनीचा, जेसन दुसरीचा, त्यामुळं व्यवहार जुळेना. १९९३ च्या 'जेसन गोज टू हेल' मध्ये शेवटच्या क्षणी जमिनीतून फ्रेडीचा पंजा वर आला आणि जेसनचा मुखवटा खाली ओढून घेऊन गेला. झाला पुकारा! पैलवान मैदानात उतरले दहा वर्षांनी. तोवर पटकथांमागून पटकथा लिहून झाल्या. एवढी वाट बघायला लावून दोघांपैकी एकाला चितपट करायचं, तर निम्मं थिएटर नाराज. आणि हरलेल्या पैलवानाचा पुढचा सिनेमा कोण काढणार? तो डोळा हिशेबाच्या वहीनं मिचकावलेला आहे. हिशेब बरोबरही निघाला: जगभरात ११ कोटी डॉलरच्या वर धंदा झाला.

पण शेवट हा एकच नव्हता. दुसरा एक चित्रितसुद्धा झाला होता. त्यात सगळं निवांत झाल्यावर नायिका लोरी आणि तिचा विल एकत्र असतात, आणि विलच्या बोटांना पाती फुटतात. म्हणजे फ्रेडी अजून आहेच. चाचणीच्या खेळाला लोकांना ते रुचलं नाही, म्हणून कापलं. तिसरा शेवट कागदावरच राहिला. दोघं नरकात झुंजतायत, साखळ्या येऊन दोघांना जखडतात आणि 'हेलरेझर' या भयपटांतला, डोक्यात खिळे ठोकलेला पिनहेड पुढं येऊन, सभ्य गृहस्थांनो, काय अडचण आहे, असं विचारतो. पिनहेडचे हक्क तिसऱ्याच कंपनीकडं होते. ते विकत घ्यायची तयारी नव्हती. मला विचाराल तर तिन्हींत हाच उजवा. निदान मैदानात पंच तरी आला.

खलनायकांच्या जोड्या लावून निकाल टाळायची खोड हॉलिवूडला जुनी आहे. १९४३ मध्ये फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस भिडले. भांडण ऐन रंगात आलं असताना गावातल्या एकानं धरणच उडवलं, आणि दोघंही पाण्यात. पुरानं प्रश्न सुटत नाहीत हे कोल्हापूरकराला काय सांगायचं! पुढच्याच वर्षी दोघं बर्फातून जसेच्या तसे बाहेर काढले. जपानच्या तोहो कंपनीच्या १९६२ च्या 'किंग काँग व्हर्सेस गॉडझिला'ची गंमत आणखी वेगळी. जपानी प्रतीत गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकन प्रतीत काँग, असं वर्षानुवर्षं लोक छातीठोकपणे सांगत आले. ती अफवा. दोन्हीकडं काँगच समुद्रातून वर येतो आणि घराकडं पोहत निघतो. फरक आहे तो आवाजात. जपानी प्रतीत शेवटी दोघांच्याही डरकाळ्या ऐकू येतात, अमेरिकन प्रतीत एकट्या काँगची. पण अफवा टिकली, कारण आपल्या पैलवानाचा वेगळा शेवट कुठंतरी असणारच, असं प्रत्येकाला मनातून वाटत होतं.

(दृश्य: रंकाळा. चौपाटीवरच्या गाड्या, कणसं, भेळ.)

तो वेगळा शेवट शोधायला संध्याकाळी इथं एक टोळकं बसतं. कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, कुणी एमआयडीसीत पाळीवर जातं, एकजण अजून इंजिनिअरिंगचे विषय सोडवतोय. नाद सगळ्यांना एकच, भुताचे पिक्चर. त्यांचा नियम कडक आहे: शेवट पैलवानाच्या स्वभावातून आला पाहिजे. धरण फोडायचं नाही, वीज पाडायची नाही.

मग आधी स्वभाव बघू. फ्रेडीला पालकांनी जिवंत जाळलं, तो आता पोरांच्या स्वप्नात येऊन मारतो. त्याचं बळ लोकांच्या भीतीत. लोक विसरले की तो संपला. सिनेमात त्याच्या गावची, स्प्रिंगवूडची, पोरं त्याला विसरलेली असतात, म्हणूनच तो जेसनला उठवतो: खून त्यानं करायचे, नाव आपलं व्हायचं. जेसन क्रिस्टल लेकमध्ये बुडालेलं पोर. १९८० च्या पहिल्या सिनेमात तर खुनी तो नाहीच, त्याची आई आहे. हॉकीचा मुखवटा चढला १९८२ ला, तिसऱ्या भागात. २००३ च्या सिनेमात फ्रेडीला आगीची आणि जेसनला पाण्याची भीती दाखवली. आगीचं पटतं. पण आधीच्या भागांत तळ्यातून खुशाल चालत येणारा गडी एकदम पाण्याला भ्यायला लागला, हे आमच्या टोळक्याला अजून मान्य नाही.

पहिला शेवट एडिटिंगवाल्याचा. फ्रेडी जेसनला मारतो, दणक्यात मारतो, आणि तरी हरतो. कारण सकाळी गावात ज्याच्या त्याच्या तोंडी जेसन! पेपरात जेसन, पोरांच्या वहीवर मुखवट्याचं चित्र. रात्री फ्रेडी एका पोराच्या स्वप्नात शिरतो, पंजा भिंतीवर खरडतो, आणि पोरगं विचारतं, 'काका, कोण पाहिजे?' मला हा शेवट फार आवडला. रक्ताचा थेंब नाही आणि फ्रेडी पुरता गार.

दुसरा शेवट टोळक्यातल्या एका मुलीचा. तिचं म्हणणं, मूळ गुन्हा कुणाच्या लक्षातच येत नाही. फ्रेडीनं जेसनला उठवलं कसं? त्याच्या आईचं रूप घेऊन. 'आईची नक्कल केली त्यानं. ह्याला माफी न्हाई.' तिच्या शेवटात ऐन झुंजीत खरी आई तळ्याकाठी येऊन उभी राहते. जेसनपुढं दोन आया, एक खरी, एक फ्रेडी. खोटी आई म्हणते, मार. खरी म्हणते, चल घरी. जेसन आयुष्यात पहिल्यांदाच कोयता खाली ठेवतो. मग फ्रेडीचं काय होतं? 'ते आई बघंल की! पहिल्या पिक्चरमध्ये तिनंच सगळे मारलेत.'

यावर बराच वेळ कुणाला उत्तर सुचलं नाही.

भयानं शेवटाला कात्री लागायचा प्रकार कोल्हापूरच्या सिनेमात शंभर वर्षांपूर्वीच झालाय. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं घरच्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० साली. त्यातला भीमानं केलेला कीचकवध इतका हुबेहूब उतरला, की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटानंतर. म्हणजे प्रेक्षक बिचकला म्हणून कात्री, हा खेळ आपल्याकडं विल आणि लोरीच्या कितीतरी आधी होऊन गेला.

भीमाचाच दुसरा सामना या टोळक्याच्या जास्त कामाचा. जरासंधाला भीम उभा चिरतो, तुकडे पुन्हा जुळतात. पुन्हा चिरतो, पुन्हा जुळतात. प्रत्येक भागात परत येणारा खलनायक तो हाच की! शेवटी कृष्ण गवताची काडी चिरून दोन्ही भाग उलटसुलट टाकतो आणि भीमाला डाव कळतो. पाळीवर जाणाऱ्या गड्याचा शेवट यातून निघाला: मुंडकं आणि धड एकाच तळ्यात टाकताय कशाला? एक स्वप्नात ठेवा, एक जागेपणी. फ्रेडी कसा जुळतोय बघू.

(दृश्य: रात्र. तालमीचा हौदा, तांबडी माती.)

आणि शेवटचा शेवट सगळ्यांनी मिळून रचलेला. हक्काचा प्रश्न नको, म्हणून पिनहेडच्या जागी आपला वेताळ. भुतांचा राजा, हातात वेत, पंच म्हणून याच्यावर कुणाचा आक्षेप नसावा. वेताळाची पहिली अट: हत्यारं बाहेर. चार पात्यांचा पंजा, कोयता, मुखवटा, सगळं कठड्यावर. अंगावर फक्त लंगोट. हळद, तेल, ताक घालून मळलेली माती दोघांच्या पाठीला लावली जाते. आता फ्रेडी म्हणजे भाजलेला किडकिडीत माणूस, आणि इथं झोपायची सोय नाही, त्यामुळं स्वप्नही नाही. समोर सहा फुटांच्या वर उंच, न बोलणारा गडी. सलामी झाली, फ्रेडी नेहमीसारखा टोमणे मारायला तोंड उघडतो, आणि जेसन त्याला कमरेत धरून उचलतो.

चितपट. दोन्ही खांदे मातीला.

निकालावर टोळक्यात एकमत झालं. भांडण लागलं ते मानाच्या गदेवरून. जेसनच्या खांद्यावर द्यायची, की पहिल्या पायरीवर बसलेल्या त्याच्या आईच्या? आमचं शूटिंग संपलं तेव्हा ती मुलगी आणि एडिटिंगवाला अजून त्यावरच तणतणत होते.