वय, कलम आणि तीन महिने

श्रोतेहो, नमस्कार. नाशकात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं एखाद्या गुन्ह्यात सापडलं, की घरचे 'जामीन कधी?' एवढंच विचारत धावतात. त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालणार का, हे मात्र त्याच सुमारास बाल न्याय मंडळापुढच्या कागदांवर ठरत असतं.

पहिला कागद वयाचा. गुन्हा घडला त्या दिवशीचं वय धरतात, पकडलं त्या दिवशीचं नव्हे. सोळा पूर्ण नसतील तर प्रश्नच मिटला. पुरावा आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. घोळ होतो तो पहिलीत वय बसावं म्हणून लिहिलेल्या 1 जूनचा! खरा जन्म ऑगस्टचा असला तरी दाखला शाळेचाच चालतो आणि पोर दोन महिने आधीच सोळाचं ठरतं.

दुसरं, कलम. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल, तरच मुलाला मोठ्यांच्या रांगेत नेता येतं. खून त्यात येतो. सदोष मनुष्यवध येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. जबरी चोरीत कोयता वापरला, की किमान सात वर्षांचं कलम लागतं. म्हणून कोयता नेमका कोणाच्या हातात होता, हे पंचनाम्यात आणि जबाबात नीट वाचायला हवं.

मग प्राथमिक मूल्यांकन. मंडळात एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते. पाहायचं काय, तर मुलाची शारीरिक-मानसिक कुवत, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती. मुदत तीन महिने. अर्ध्या तासाची बुद्ध्यांक चाचणी आणि 'हे चुकीचं आहे हे माहीत होतं का?' एवढ्यावर अहवाल उरकला, तर तो अपुराच. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल सांगतो.

खटला मोठ्यांसारखा चालवावा असं मंडळानं ठरवलं आणि प्रकरण बाल न्यायालयात गेलं, तरी तिथे हाच प्रश्न पुन्हा तपासावा लागतो. फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवतात. शिक्षेची मुदत उरली असेल तर तेव्हा पुन्हा परीक्षण, आणि त्यानंतर सुटका किंवा तुरुंग.

मंडळाच्या आदेशाची प्रत लगेच मागून घ्या. अपिलाला 30 दिवसच असतात. वकील परवडत नसेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. मुलांसाठी तिथे उत्पन्नाची अट नाही.