एवढ्यात भागेल

मंडळी, मे महिना लागला की आपल्या कोकणात घरोघर एक शब्द ऐकू यायचा : आगोट. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, ओढ्यावरचा साकव कधी वाहून जाईल त्याचा नेम नाही, बाजार लांब. त्यामुळे तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुलं, सुकट, लाकूडफाटा, सगळं मिरगाच्या आत घरात यायचं. समुद्रातली यांत्रिक मासेमारी आजही १ जून ते ३१ जुलै बंदच असते.

माझी आई आगोट पायलीनं मोजायची. घरातली सात माणसं, गणपतीला येणारे चाकरमानी, अडीनडीचा शेजारी, एवढं धरून झालं की म्हणायची, "बास, एवढ्यात भागेल." आणि तिथेच थांबायची, हातात पैसे असले तरी. जास्तीचं ठेवलं तर त्याला कीड लागणार, बुरशी येणार. आपली दमट हवा कशालाच सोडत नाही. त्या 'भागेल'मधला निवांतपणा मला साठी उलटेपर्यंत कळला नाही.

आई गेल्यावर आम्ही भावंडांनी घर आवरायला काढलं. तीन मिक्सर, खोक्यातून न काढलेले डिनर सेट, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या चादरी. दर गणपतीला आम्हीच मुंबईहून आणलेलं, मायेनंच आणलेलं. आई वापरायची दोन पातेली, एक विळी आणि पाटा-वरवंटा. शेजारच्या काकूंनी सांगितलं, दर मे महिन्यात ती हे सगळं अंगणात काढायची, ऊन दाखवायची, पुसायची आणि परत माळ्यावर चढवायची. गुडघे धरलेले असताना. आम्ही दिलेलं सुख ती सांभाळत बसली होती! त्या दिवशी मला फार लाज वाटली.

एक मात्र स्पष्ट सांगतो. ज्याच्या घरी मनीऑर्डर आल्याशिवाय चूल पेटत नव्हती, त्याला कमीत सुख शोध म्हणणं हा अन्याय आहे. भातावर वर्ष निघत नव्हतं म्हणूनच आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. मी बोलतोय ते कपाट उघडलं की ज्यांच्या अंगावर वस्तू पडतात, त्यांच्याशी.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात माझ्या बहिणीचं तळमजल्याचं घर गेलं. त्या दुःखात काही चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण नवं सामान घ्यायची वेळ आली तेव्हा ती प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारायची, "ही नसली तर काय अडेल?" तिची पुढची खोली आजही मोकळी आहे. नातवंडं तिथे लंगडी खेळतात.

विनोबांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. घरी फणस निघाला की आई आधी शेजारीपाजारी गरे वाटायला लावायची आणि मग मुलांना द्यायची, अशी आठवण ते सांगत. फणसाचं मला नेहमी नवल वाटतं. पिकला की ठेवता येत नाही, एका घराला संपत नाही, आणि त्याचा वास कुंपण ओलांडून आपल्याआधी शेजारी पोचलेला असतो. यंदा आमच्या परसातला बरका फणस मी ओटीवरच फोडला. हाताला खोबरेल लावून गरे काढत होतो, तोवर वाडीतली पाच-सहा पोरं पायरीवर येऊन बसलीसुद्धा.