मागे राहिलेली खाती

श्रोतेहो, नमस्कार.

माणूस गेला की घरचे लोक कपाट उघडतात. कागदपत्रं, पासबुकं, दागदागिने बघतात, कुणाचं काय ते ठरवतात. पण त्याच माणसाचे दहा-पंधरा वर्षांचे फोटो, पत्रव्यवहार, कधी कधी पैसेसुद्धा फोनमध्ये असतात, आणि फोनला कुलूप असतं.

मग हे सगळं वारसांचं नाही का? बर्लिनमध्ये 2012 साली एक पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. अपघात की आत्महत्या, हे आईवडिलांना जाणून घ्यायचं होतं. तिच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड आईकडे होता, पण कंपनीने खातं ‘स्मृती खातं’ करून टाकलं होतं, त्यामुळे तो चालेना. खालच्या कोर्टाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला, वरच्या कोर्टाने तो फिरवला. 2018 साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की डायऱ्या आणि खासगी पत्रं वारसांकडे जातात, तसंच हे खातंही जाईल. त्यावर कंपनीने काय दिलं? चौदा हजारांहून जास्त पानांची एक पीडीएफ फाइल! पुन्हा कोर्ट. ही फाइल पुरेशी नाही, खात्यात प्रत्यक्ष जाता आलं पाहिजे, हे 2020 मध्ये ठरलं. आठ वर्षं गेली.

मला त्या आईवडिलांचं दुःख कळतं. पण मुलीच्या मैत्रिणींचंही मनात येतं. त्यांनी लिहिलं होतं ते तिला, तिच्या आईला नव्हे. म्हणून मला वाटतं, काय कुणाच्या हाती जावं आणि काय पुसलं जावं, हे ज्याचं त्याने जिवंतपणीच ठरवावं.

त्याची सोय आहे. गूगलने 2013 मध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणला. तुम्ही तीन ते अठरा महिन्यांपर्यंतची मुदत ठरवायची. तेवढा काळ खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिलीत तेवढाच डेटा त्यांना मिळतो. अॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. त्याला एक की (सांकेतिक किल्ली) मिळते, ती आणि मृत्यूचा दाखला दिला की तीन वर्षं आयक्लाउडमधला, म्हणजे अॅपलकडे ऑनलाइन साठवलेला डेटा पाहता येतो. साठवलेले पासवर्ड मात्र त्याला मिळत नाहीत. विकत घेतलेले सिनेमे आणि पुस्तकंही नाहीत. ‘विकत घ्या’ हे बटण दाबून आपण बहुतेक वेळा वापराचा परवानाच घेतलेला असतो, आणि तो आपल्याबरोबर संपतो. मला हा व्यवहार पटत नाही, पण अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं.

बिटकॉइनसारख्या चलनाचं प्रकरण फार कठोर आहे. ते एखाद्या एक्सचेंजवर, म्हणजे अशा चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे असेल तर वारस कागदपत्रं घेऊन निदान तिथे जाऊ शकतो. स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे मालकाच्याच ताब्यातल्या डिजिटल पाकिटात असेल, तर बारा किंवा चोवीस शब्दांची ओळ हीच किल्ली. ती हरवली की कोर्टाचा हुकूमही उपयोगाचा नाही.

ही ओळ किंवा पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र अनेकांच्या हातात जातं. शिवाय पासवर्ड बदलत राहतात, मृत्युपत्र तसंच राहतं. खात्यांची यादी वेगळी ठेवा आणि ती कुठे आहे एवढंच विश्वासाच्या माणसाला सांगा.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर बंद करण्याची घाई करू नका. बँक, ईमेल, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. त्याच्या नावाने परस्पर व्यवहार मात्र करायचे नाहीत, बँकेला रीतसर कळवूनच पुढे जायचं. पण कुठे कुठे खाती होती याचा पत्ता बरेचदा त्या नंबरवर येणाऱ्या मेसेजवरूनच लागतो. निदान वर्षभर तरी त्याचं रिचार्ज चालू ठेवा, कारण काही बिलं आणि हप्ते वर्षातून एकदाच येतात.